बॅकस्टेज म्हणजे वेटिंग लिस्ट नव्हे!

ऑडिशन संपते, कास्ट जाहीर होते आणि उरलेल्यांना एक ठरलेलं वाक्य ऐकवलं जातं, 'तू या वेळी बॅकस्टेज बघ, पुढच्या वर्षी तुझा विचार करू.' तुमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळातही हे वाक्य दरवर्षी फिरत असणार. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, लाइटमध्ये उभं राहणं म्हणजेच नाटक करणं. दोन, विंगेतलं काम काय, कुणालाही जमतं! माझ्या मते दोन्ही चूक आहे. आणि या चुकीची किंमत आपण कॉलेज संपल्यावर, 'नाटकातच काहीतरी करायचंय' असं घरी सांगायच्या वेळी मोजतो.

आपल्याकडे एकांकिका स्पर्धांची परंपरा दणदणीत आहे. पुण्यात 1963पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. मुंबईत आयएनटी आहे, 25 जानेवारीची रात्र जागवणारी 'सवाई' आहे. या स्पर्धांनी मराठीला लेखक दिले, दिग्दर्शक दिले, नट तर ढिगानं दिले. पुरुषोत्तमचा भर मुळातच लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, आणि त्यात गैर काही नाही. कमी साधनांत गोष्ट सांगायची सवय लागते.

गडबड होते ती आपल्या बाजूने. जिथे नेपथ्याला आणि प्रकाशयोजनेला बक्षीस असतं, तिथे बऱ्याच टीम सरळ बाहेरून माणूस आणतात. तो येतो, दोन तासांत लाइट लावतो, पैसे घेतो, निघून जातो. आपली पोरं लेव्हल उचलतात, प्रॉपर्टी सांभाळतात, चहा आणतात. वर्षाच्या शेवटी त्यांच्या हातात ग्रुप फोटो असतो, पण कला येते का एखादी? फारशी नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

शिकण्यासारखं काय असतं, तर एक साधं गणित बघा. स्टेजवरचा जुना हॅलोजनचा दिवा बहुतेकदा 1000 वॉटचा असतो. 230 व्होल्टवर तो साधारण 4.3 अँपिअर करंट खेचतो. कॉलेजच्या हॉलमधल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे चालतील. चौथा लावला की बेरीज 17च्या वर जाते. मग ऐन क्लायमॅक्सला फ्यूज उडतो किंवा वायर तापत राहते. दुसरा प्रकार जास्त भीतीदायक, कारण तो कुणाला दिसत नाही. हे गणित तुमच्या टीममध्ये किती जणांना येतं? शिडीवर चढणाऱ्याला तरी येतं का?

म्हणजे बॅकस्टेज हे हमालीचं काम नाही. तिथे विज्ञान आहे, हिशेब आहे आणि कल्पकताही आहे. उत्पल दत्त यांच्या 'अंगार' या बंगाली नाटकात पाण्याने भरत जाणारी कोळशाची खाण होती. 1959 साली तापस सेन यांनी ती प्रकाशाच्या जोरावर रंगमंचावर उभी केली. आपल्याकडे मोहन वाघ छायाचित्रकार होते, नेपथ्यकार होते आणि 'चंद्रलेखा'चे निर्मातेही. यांना कुणी 'अभिनयात जमलं नाही म्हणून मागे गेलेले' म्हणेल का?

आता तुम्ही म्हणाल, सगळं खरं, पण पैसा? प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगामागे 'नाईट' मिळते. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी. नाटक बंद पडलं की नाईटही बंद. त्यामुळे पुढे उभा असलेला तरी कुठे निर्धास्त आहे? उलट लाइट, साउंड, मेकअप, प्रॉडक्शन यातलं एक काम नीट येत असेल तर ते नाटकापुरतं राहत नाही. मैफल, इव्हेंट, मालिकेचा सेट, सगळीकडे चालतं. श्रीमंत व्हाल असं मी म्हणत नाही. नाटकात टिकून राहायला एक पाय रोवता येतो, एवढंच.

रीतसर शिकायचं तर जागा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात अभिनयाप्रमाणेच डिझाइन आणि दिग्दर्शनही विशेष विषय म्हणून शिकता येतं. पण सीट मोजक्या असतात. म्हणून सुरुवात कॉलेजातच व्हायला हवी, आणि त्याला बजेट लागत नाही. बॅकस्टेजसाठीही ऑडिशन घ्या. ज्याला खरंच लाइट करायचे आहेत त्याला लाइट द्या, उरलेला म्हणून नको. बाहेरून प्रकाशयोजनाकार आणलाच तर त्याच्यासोबत आपला एक जण पूर्ण वेळ बसवा आणि क्यू शीट त्याच्याकडून लिहून घ्या. एक अख्खा दिवस फक्त टेक्निकल तालमीला ठेवा. आणि शेवटी नावं घेताना 'आणि इतर' म्हणू नका. इतर नावाचा माणूस नसतो.

कॉलेजबाहेर काम मिळू लागलं की मात्र 'एक्स्पोजर मिळेल' या शब्दावर भुलू नका. होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रयोगाचे किती? तालमींचे काही मिळणार का? रात्री उशिरा घरी जायची सोय काय? आणि काही लागलं-पडलं तर खर्च कोण करणार? उत्तरं मेसेजवर का होईना, लिहून घ्या. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे पैसे मागताना काय होईल, ते आधीच कळलेलं बरं.

या वर्षीच्या ऑडिशननंतर कुणी तुम्हाला 'बॅकस्टेज बघ' म्हणालं तर तोंड पाडू नका. फक्त दोन प्रश्न विचारा, 'कोणतं डिपार्टमेंट?' आणि 'शिकवणार कोण?' दुसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नसेल, तर या वर्षी नाट्यमंडळाने आधी तेवढं शोधावं. स्क्रिप्ट नंतर बघू.