घरचे आरोग्य : अडलेले रक्त आणि परतणारी लाली



बाजारातून भाजीची भरलेली पिशवी आपण घरी आणतो. पिशवीचे बंद बोटांत रुतलेले असतात. पिशवी खाली ठेवली की बोटांवर फिके वळ दिसतात आणि क्षणात तेच वळ लाल होतात, बोटे गरम होतात, मुंग्या येतात. आपण हात झटकतो आणि विसरून जातो. आज याच लालीविषयी बोलायचे आहे. कारण ज्या घरात कोणी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले आहे, त्या घराला ही लाली वाचता आलीच पाहिजे.

माझ्या ओळखीच्या एका घरात आजींचे खुब्याचे हाड मोडले. त्या महिनाभर पाठीवरच पडून होत्या. कमरेखाली लाल चट्टा दिसू लागला. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून घरच्यांना वाटले घामोळे असेल. पावडर लावली, तेल चोळले. चार दिवसांत कातडी फाटली आणि जखम खोल गेली. घरच्यांची माया कमी नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मग ही लाली येते कशी? दाबामुळे रक्त अडले तरी त्या जागेच्या पेशींचे काम थांबत नाही. त्या उरलासुरला प्राणवायू वापरतात आणि टाकाऊ द्रव्ये तिथेच साचतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात. कातडीतल्या संवेदना नेणाऱ्या नसांचाही यात भाग असतो. दाब निघाला की मोकळ्या वाहिन्यांतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त धावून येते. थकलेली उधारी चुकती करावी, तसाच हा प्रकार. थॉमस लुईस आणि रोनाल्ड ग्रँट या डॉक्टरांनी १९२५ साली यावरची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली.

आता हे यंत्राने मोजतात. माणसाला शांत, उबदार खोलीत आडवे झोपवतात. आधी चहा-कॉफी, विडी-सिगारेट बंद. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात आणि हाताच्या कातडीवर लेसरचा छोटा शोधक चिकटवतात. गाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरती. तसाच वाहत्या रक्तातल्या लाल पेशींवर आपटून परतणाऱ्या प्रकाशात किंचित फरक पडतो. तो फरक यंत्र टिपते. ही पद्धत मायकेल स्टर्न यांनी १९७५ साली मांडली. हा प्रकाश कातडीत जेमतेम एक मिलिमीटर खोल जातो आणि माणसाला काही कळतही नाही.

पट्ट्यात हवा भरून ३ ते ५ मिनिटे रक्त अडवतात. कागदावरची रेघ जवळजवळ तळाला जाते. हवा सोडताच काही सेकंदांत रेघ उंच उसळते आणि मग काही मिनिटांत हळूहळू मूळ जागी येते. ती किती उंच गेली, किती वेळात गेली, यावरून बारीक वाहिन्यांची तब्येत समजते. मधुमेहाच्या किंवा पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णांत ही उसळी बऱ्याचदा कमी पडते किंवा उशिरा येते. मात्र जागा बदलली, हवा थंड झाली, तरी आकडा बदलतो. म्हणून ही तपासणी मुख्यतः संशोधनातच वापरतात. घरी हाताला दोरी आवळून कोणी असला प्रयोग करू नये.

पण यातले तत्त्व घरात उपयोगी पडते, तेही एका बोटाने. रुग्णाला कुशीवर वळवा. कमरेखालचे हाड, खुबे, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू नीट पाहा. लाल चट्टा दिसला तर बोटाने हलकेच तीन सेकंद दाबा आणि सोडा. जागा फिकी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्ताची वाट अजून मोकळी आहे. त्या जागेवर पुन्हा भार पडू देऊ नका. दाबूनही जागा फिकी झाली नाही, तर आतून इजा सुरू झाली असे समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना दाखवा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुस्तकांतली लाल चट्ट्यांची चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही आणि दाबल्यावर फिकेपणाही कळत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हाताने तपासा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का? टणक किंवा पिचपिचीत लागते का? रंग अधिक काळा-जांभळा झाला आहे का? रुग्ण तिथे दुखते म्हणतो का? मधुमेहात पाय बधिर असतात, तेव्हा दुखण्याचीही वाट पाहू नका.

बाकी उपाय बिनखर्चाचे आहेत. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत बसवले असेल तर त्याहून लवकर हलवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. चादरीला सुरकुती नको, ओले अंथरूण नको. लाल जागा चोळू नका, आणि मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका. तिच्या कडांनीच रक्त अडते.

शेवटी एक विनंती. कूस बदलण्याच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा आणि त्यापुढे घरातल्या सर्वांची नावे लिहा. रात्रीची पाळी एकट्या सुनेच्या वाट्याला येऊ नये. ज्या आईने आपल्याला कुशीत घेऊन वाढवले, तिची कूस बदलायला मुलाचेही हात लागले पाहिजेत.