बोनसपलीकडचा आकडा

दिवाळी आली की घरोघर बोनसची चर्चा. पण म्हातारपणासाठी मालक काय भरतो, हे कुणी विचारीत नाही! आमच्या शेजारच्या वहिनींच्या यजमानांच्या पगारातून कारखान्याने वर्षभर फंड कापला, भरला मात्र नाही. "कापलाय म्हणजे जमा असणारच," वहिनी म्हणाल्या. मी म्हटले, "पगाराची चिठ्ठी ठेवा बाजूला, पासबुक पाहा."

1952 साली फंडाची सक्ती झाली, ती मोजक्या उद्योगांतल्या, 50 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती. 1960 अखेर तो आकडा 20 वर आला. 16 नोव्हेंबर 1995 पासून त्याला पेन्शनची जोड मिळाली. ठरीव मर्यादेपर्यंतच्या वेतनाचे 8.33 टक्के त्यासाठी मालकाच्या वाट्यातून जातात. हा वाटा नोकराच्या पगारातून वळता करण्यास कायद्याची मनाई आहे. तरी काही महाभाग करतातच! आणि कापलेली रक्कम न भरणे म्हणजे नुसती दिरंगाई नव्हे, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा.

पेन्शनला निदान दहा वर्षांची नोकरी लागते. नोकरी बदलताना पैसे काढून सोफा घेण्यापेक्षा जुने खाते नव्यात वळवावे, ते याचसाठी.

वहिनींनी फंडाच्या कचेरीत तक्रार-अर्ज लिहून ठेवला आहे. यजमानांची सही तेवढी राहिली आहे; "साहेब काय म्हणतील?" एवढेच ते विचारतात.