टनामागे पन्नास पैसे, प्रकाशासाठी

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 मध्ये याच दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना विखुरलेल्या प्रकाशात बदललेल्या रंगाची खूण सापडली आणि दोन वर्षांत नोबेल पारितोषिक भारतात आले. या दिवशी गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात. त्या भाषणांत सहसा न येणारी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ज्या प्रयोगशाळेत हा शोध लागला ती सरकारने उभारलेली नव्हती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून 1876 मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था काढली. 1907 मध्ये वित्त खात्याच्या नोकरीनिमित्त कोलकात्यात आलेले तरुण रामन कचेरीआधी आणि कचेरीनंतर तिथे काम करू लागले. वर्गणी दिल्यापासून शोध लागेपर्यंत 52 वर्षे गेली. पैसे देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचे फळ दिसले नाही, तरी पैसे दिले गेले होते.

हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीत सांगायचे कारण आहे. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या या परिसरात फेब्रुवारीअखेर म्हणजे हंगाम उतरणीला लागण्याचे दिवस. गव्हाणीत शेवटचा ऊस पडत असतो आणि सभासदाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: उतारा किती लागला? हा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, कशाने ठरतो, याचा विचार फारसा होत नाही. शेतात उसाची पक्वता पाहायला शेती विभागाचा माणूस खिशातून छोटा रिफ्रॅक्टोमीटर काढतो, त्यावर रसाचे दोन थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचतो. रसात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका प्रकाश अधिक वाकतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलारिमीटर असतो. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळते, आणि ते किती वळले यावरून 'पोल', म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात. म्हणजे शेतकऱ्याच्या बिलामागे कुठेतरी प्रकाशाचे मोजमाप आहे.

हे मोजमाप आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे. सारा ऊस साखरेलाच जात होता तोवर पोती मोजली की उतारा निघत असे. आता रस, सिरप आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे जाते. तेवढी साखर पोत्यात उतरतच नाही, तिचा हिशेब विश्लेषणावर करावा लागतो. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे. कोल्हापूरसारख्या चांगल्या उताऱ्याच्या पट्ट्यात दशांश चिन्हानंतरचा एक आकडा लाखो रुपये इकडेतिकडे करू शकतो. काट्याबद्दल आणि उताऱ्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात जो संशय वर्षानुवर्षे आहे, तो भाषणांनी जाणार नाही. सर्वांसमोर, स्वस्तात आणि लगेच मोजणारे साधन हाच त्यावरचा उपाय.

असे साधन कल्पनेतले नाही. ऑस्ट्रेलियातील अनेक कारखान्यांत ऊस चालू पट्ट्यावर असतानाच त्यावर अवरक्ताजवळचा प्रकाश टाकून त्यातील साखर मोजतात आणि त्यावर उत्पादकाचे पैसे ठरतात. या पद्धतीत रस नितळ करायला शिशाचे विषारी क्षारही लागत नाहीत. मात्र ही यंत्रे महाग आहेत आणि तिथल्या उसावर बेतलेली आहेत. आपल्या जातींसाठी, आपल्या पाण्यावरच्या आणि आपल्या मातीतल्या उसासाठी त्यांचे गणित नव्याने बसवावे लागेल. त्यातला प्रकाश पकडणारा संवेदक इथेच तयार करता येईल का? हा प्रश्न ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे प्रकाश विजेच्या साह्याने टिपण्याच्या तंत्राचा आहे, आणि तो सोडवू शकणारी माणसे इथून तासाभराच्या अंतरावर आहेत.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाने पातळ थरांच्या अभ्यासात गेल्या काही दशकांत जे केले, त्याची जाण कोल्हापूर जिल्ह्यालाच सर्वांत कमी आहे. प्रकाश पकडणाऱ्या संवेदकासाठी अर्धवाहकाचा पातळ थर काचेवर बसवायचा तर मोठ्या प्रयोगशाळा निर्वात कक्ष वापरतात, आणि त्याला पैसा लागतो. इथल्या लोकांनी दुसरी वाट धरली. बीकरमध्ये धातूचा क्षार, थायोयुरिया, अमोनिया. त्यात काचपट्टी बुडवायची, तापमान सांभाळायचे, आणि कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर हळूहळू काचेवर धरू द्यायचा. प्रा. सी. डी. लोखंडे आणि आर. एस. माने यांनी या रासायनिक पद्धतीवर 2000 साली लिहिलेला आढावा जगभरचे संशोधक संदर्भाला घेतात. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवण्याच्या पद्धतीवर प्रा. पी. एस. पाटील यांचा 1999 चा लेखही तसाच. पुढे याच विद्यापीठाच्या नॅनोविज्ञान विभागात तुकाराम डोंगळे यांच्या गटाने मेमरिस्टरवर काम उभे केले. मेमरिस्टर हा आपल्यातून किती वीज गेली ते लक्षात ठेवणारा घटक. त्याची कल्पना लिऑन चुआ यांनी 1971 मध्ये मांडली, आणि मेंदूसारखे चालणारे कमी विजेचे संगणक त्यातून घडतील अशी जगाची अपेक्षा आहे.

मग अडते कुठे? थर बनवायला बीकर पुरतो, पण त्या थराचे उपकरण करायला आणि ते उपकरण हजार वेळा तपासायला पैसा लागतो, आणि तो सलग पाच-सात वर्षे लागतो. तो पैसा दक्षिण कोरियात मिळाला. सोलचे हान्यांग विद्यापीठ, ग्वांगजूचे चोन्नम विद्यापीठ ही नावे कोल्हापूरच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या उपनगरांइतकी परिचित आहेत. कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्के संशोधनावर खर्च करतो, भारत 0.64 टक्के. तिथला बहुतांश पैसा उद्योगांचा असतो, आपल्याकडचा बहुतांश सरकारचा. मुले तिकडे जातात यात गैर काही नाही. त्यांनी जावे, शिकावे, तिथल्या गटांबरोबर लेख लिहावेत. पण सहकार्य म्हणजे दोन्ही बाजूंनी काही मांडणे. आपण माणूस द्यायचा आणि यंत्र, पैसा व पुढचे उत्पादन त्यांचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

केंद्राने पावले उचलली आहेत हे खरे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा संकल्प आहे, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. या सरकारबाहेरच्यांत कोण आहे, हे आपण विचारायला हवे. मोठ्या संस्थेभोवती विद्यापीठे जोडण्याची योजनाही चांगली आहे. तरी बिद्रीच्या दूधसाखर महाविद्यालयासारख्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकापर्यंत तिचा ओघ पोहोचेलच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प होते तेव्हा अशा प्राध्यापकाला विज्ञानासाठी 5 लाखांपर्यंत मिळत. रक्कम मोठी नव्हती. पण तेवढ्यात ग्रामीण महाविद्यालयात एक भट्टी, एक मीटर, एक चालते टेबल उभे राहत असे आणि तृतीय वर्षाच्या मुलाला प्रयोग पाठ्यपुस्तकाबाहेरही असतो हे कळत असे. ती योजना बंद झाली, तिची जागा भरली गेलेली नाही.

ती जागा सहकाराने भरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण हे सहकाराने एकदा केले आहे. 1975 मध्ये पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, सहकारी कारखान्यांनी उसाच्या संशोधनासाठी काढली, आणि कारखाने तिला टनामागे ठरावीक वर्गणी देत आले. तिच्यातून आलेले सुधारित बेणे शेतकऱ्याने लावले आहे. जे उसाच्या डोळ्यासाठी झाले, ते उसातली साखर पाहणाऱ्या डोळ्यासाठी का होऊ नये?

हिशेब सोपा आहे. अनेक कारखान्यांच्या मिळून एक कोटी टन गाळपावर टनामागे 50 पैसे काढले तर वर्षाला 50 लाख रुपये होतात. पाच वर्षांत अडीच कोटी. एका विद्यापीठ विभागाला, चार-पाच ग्रामीण महाविद्यालयांना आणि प्रत्येक हंगामात दोन-तीन कारखान्यांच्या काट्यावर चाचणी घ्यायला ही रक्कम पुरेशी सुरुवात आहे. तिच्या बळावर दिल्लीकडे आणि कोरियाकडेही रिकाम्या हातांनी जावे लागणार नाही. आमचा वाटा हा, तुमचा किती, असे विचारता येईल. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाचा पैसा सरकारी विद्यापीठांच्या संशोधनाला देता येतो, त्यामुळे औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनाही यात ओढता येईल.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. उसाच्या बिलातून आधीच किती कपाती! शेतकऱ्याचा हा राग रास्त आहे. म्हणून हा पैसा उसाच्या बिलातून नको. तो इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीच्या उत्पन्नातून यावा, वार्षिक सभेत मतदानाने मंजूर व्हावा आणि खर्चाचा ताळेबंद अहवालात छापला जावा. संवेदकाच्या आराखड्यावर विद्यापीठाइतकाच पैसे देणाऱ्या संस्थांचा हक्क असावा. चाचणीचे निकाल कारखान्याच्या सोयीचे नसले तरी जाहीर व्हावेत, याची अट पहिल्याच करारात हवी. ती नसेल तर सभासदांनी एक पैसाही मंजूर करू नये.

आणखी एक गोष्ट आग्रहाने. या निधीतला तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा. मेमरिस्टरचा उसाला काय उपयोग, असा प्रश्न सभेत नक्की उठेल, आणि आज त्याचे सरळ उत्तर नाही. रामन यांच्या संस्थेला वर्गणी देणाऱ्यांपुढेही उत्तर नव्हते. आज पातळ थर नेमका कशाचा बनला आहे हे पाहायला जगभरच्या प्रयोगशाळा रामन वर्णपटाचाच आधार घेतात.

कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. त्याआधी विद्यापीठाने दोन पानांचा प्रस्ताव सोप्या मराठीत कारखान्यांकडे धाडावा, आणि एखाद्या संचालक मंडळाने, ते बिद्रीचे असल्यास अधिक आनंद, तो विषयपत्रिकेवर घ्यावा. सभासदांनी त्यावर भांडावे, आकडे तपासावेत, अटी घालाव्यात आणि मग मत द्यावे.