कब्रस्तानात कोणते पीक वाचवायचे आहे?

पावसाळा लागला की आमच्या नातेपुते भागात कब्रस्तान, ईदगाह, शाळांची आवारे अशा ठिकाणी तणनाशकाचे पंप फिरू लागतात. गाजरगवत, हरळी, लव्हाळा माजलेला असतो. मयत नेताना खांदेकऱ्यांना पाय कुठे ठेवावा कळत नाही. गवत काढलेच पाहिजे, त्यात वाद नाही. माझा वाद विषाशी आहे.

उसाच्या शेतकऱ्याकडे सांगायला निदान कारण आहे. खुरपायला मजूर मिळत नाही, पीक हातचे जाते. कब्रस्तानात आपल्याला कोणते पीक वाचवायचे आहे?

"एका पंपाने काय होतंय, सर?" असे मला विचारतात. आपल्याकडे वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा पाषाण. पावसाचे पाणी याच भेगांतून विहिरी-बोअरमध्ये उतरते. ॲट्राझीन त्या पाण्याबरोबर खाली जाते. ग्लायफोसेट मातीला चिकटते आणि गाळाबरोबर ओढ्याला लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ॲट्राझीन २ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. हिशेब करा, एक ग्रॅम पाच लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवते. भूजलात उतरते म्हणूनच युरोपीय संघाने ते २००४ मध्ये नाकारले. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये 'संभाव्य कर्करोगकारक' ठरवले. ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फत वापरावे, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. आपला पंपवाला कोण असतो? मोहल्ल्यातलाच एखादा पोरगा, अनवाणी.

रंग, वास, चव बदलली नाही तर पाणी पाक, हे आपण मुलांना शिकवतो. वुजूसाठी ते खरेच आहे. पण एवढ्याशा ॲट्राझीनने पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. उकळले, तुरटी फिरवली, तरी अशा विषाची खात्री देता येत नाही.

साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, असे सांगणाऱ्या पैगंबरांची (स.) आपण उम्मत. दोन कबरींवर त्यांनी खजुराची ओली फांदी रोवली, ती सुकेपर्यंत अजाब हलका व्हावा या आशेने. आणि आपण कबरींवरचे हिरवे जाळायला बाटल्या विकत आणतो!

उपाय साधा आहे. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. बाकीचे मशीनने कापा. बाटलीचा पैसा मजुराच्या हाती जाऊ द्या. हापशाचे पाणी वर्षातून एकदा तपासून घ्या. कमिटीच्या पुढच्या बैठकीत एवढा ठराव करा: आपल्या आवारात तणनाशक बंद. शेजारच्या वस्तीची बोअरही याच भेगांवर चालते, आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्याला वेगळा सांगायला नको.