स्लॅब टाकण्याआधी विम्याचे कागद बघा

घराचा स्लॅब पडतो तो दिवस घरच्यांसाठी सणासारखा असतो. कोलकात्यात या कामाला ‘ढालाई’ म्हणतात. आपण सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, मुहूर्त कधीचा, सगळे विचारतो. एक प्रश्न मात्र राहून जातो: कंत्राटदाराचा विमा आहे का?

३१ मार्च २०१६ रोजी कोलकात्यात गणेश टॉकीज चौकाजवळ विवेकानंद रोडचा उड्डाणपूल बांधकाम सुरू असतानाच कोसळला. आदल्या रात्रीच तिथे काँक्रीट ओतले होते. पंचवीसहून जास्त माणसे दगावली. खालच्या रस्त्यावरून ये-जा करणारेही त्यात सापडले. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने ही ‘देवाची करणी’ असल्याचे म्हटले आणि लोक आणखी संतापले.

तुम्ही म्हणाल, तो पूल होता, आमचे दोन मजल्यांचे घर आहे. पण एक घनमीटर ओल्या काँक्रीटचे वजन जवळजवळ अडीच टन भरते, मग ते पुलावर असो की तुमच्या घरावर. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हा सगळा भार सेंटरिंगवर असतो. म्हणूनच कंत्राटदाराकडे पुढचे तीन विमे हवेत.

१. कामगारांसाठी
कामावर अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. माणसे मुकादमाने आणली असली, तरी मुख्य कंत्राटदाराला हात झटकता येत नाहीत. २०२० मध्ये ठरलेली १५,००० रुपये पगाराची मर्यादा धरली, तर ३० वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला सुमारे १५ लाख ६० हजार रुपये मिळायला हवेत. लहान कंत्राटदार ही रक्कम खिशातून कशी देणार? ‘एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन’ पॉलिसी असेल, तर ती विमा कंपनी देते.

२. कामासाठी आणि शेजाऱ्यांसाठी
‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीत बांधकामाचे नुकसान आणि बाहेरच्या माणसांचे नुकसान, असे दोन भाग असतात. शेजारचे घर जुने असेल, तर हादऱ्याने किंवा पाया खचल्याने होणारे नुकसान त्यात आहे का, हे मुद्दाम विचारा. बऱ्याचदा ते वेगळे घ्यावे लागते. २०१९ मध्ये मेट्रोच्या बोगद्याचे काम चालू असताना कोलकात्याच्या बऊबाजारमध्ये जुनी घरे कोसळली आणि शेकडो लोकांना एका रात्रीत घर सोडावे लागले, हे लक्षात ठेवा.

३. यंत्रांसाठी
मिक्सर, पंप, लिफ्ट यांचा विमा वेगळा असतो. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरला वाहन विमा लागतोच.

‘ऑल रिस्क’ या नावाला मात्र भुलू नका. निकृष्ट माल किंवा चुकीचे काम पुन्हा करण्याचा खर्च सहसा मिळत नाही. डिझाइनच्या चुकीसाठीही वेगळी तरतूद लागते. विमा असला म्हणून सेंटरिंगचे दोन टेकू कमी लावून चालणार नाही.

मग काय कराल?
पॉलिसीची प्रत मागा. त्यावर कंत्राटदाराचे नाव, तुमच्या साइटचा पत्ता, कामगारांची संख्या आणि तारखा नीट वाचा. स्लॅबच्या दिवशी जास्तीची माणसे येतात, त्यांची नोंद आहे ना, हेही बघा. विमा नसेल तर काम थांबवून आधी तो काढायला सांगा. कंत्राटदार हप्त्यासाठी कुरकुर करत असेल, तर ती रक्कम करारातच धरा.

आणि तुमच्याच घरात कोणी कंत्राटदार असेल, तर आज रात्री जेवताना हा विषय काढा. घमेली वाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी संध्याकाळी कोणीतरी वाट बघत असते.