इंजिन ऑइल : बोटाने नव्हे, वहीने ठरवा

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग चाकांवर पोट भरतो. कोणी रिक्षा चालवतो, कोणाचा टेम्पो भिवंडीच्या गोदामांतून माल उचलतो, कोणी मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन मुंबई-आग्रा रस्त्याने घाट उतरतो. जे गाडी चालवत नाहीत त्यांतले कितीतरी जण गाड्या दुरुस्त करतात किंवा सुटे भाग विकतात. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर एक चक्कर मारली तरी हे लक्षात येते. या सर्वांच्या हातून रोज जाणारी वस्तू म्हणजे इंजिन ऑइल. परंतु कोणते ऑइल घालावे आणि ते केव्हा बदलावे, हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा सवयीने सोडवले जातात. त्या सवयीची किंमत किती मोठी आहे याचा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयातील दोघांची हकीकत सांगतो. एकाची सी.एन.जी. रिक्षा. तो दर आठवड्याला गेज पट्टी काढून बोटावर ऑइल घेई. ऑइल स्वच्छ दिसे, म्हणून तो बदली पुढे ढकलत राही. शेवटी इंजिन जाम झाले. रिक्षा पंधरा दिवस उभी राहिली आणि घरखर्च उसनवारीवर चालला. दुसऱ्याचा डिझेल टेम्पो. त्याचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडे. ते बोटावर पाहून तो घाबरे आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यावरच ऑइल काढून टाकी. पहिल्याने कंजुषी केली, दुसऱ्याने उधळपट्टी. दोघांनाही फसवले ते एकाच गोष्टीने, बोटावरच्या रंगाने.

रंग काय सांगतो?

डिझेल इंजिनात जळणाबरोबर काजळी तयार होते. ती पिस्टनला आणि रिंगांना चिकटून बसू नये म्हणून ऑइलमध्ये मुद्दाम अशी द्रव्ये मिसळलेली असतात की जी काजळीला धरून ठेवतात आणि तरंगत ठेवतात. म्हणजे ऑइल काळे पडले याचा अर्थ ते आपले काम करीत आहे. नवे ऑइल घातल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच ते काळे होणे ही डिझेल गाडीत नेहमीची गोष्ट आहे. सी.एन.जी.चे उलट आहे. हा वायू जळताना काजळी फारच कमी होते, त्यामुळे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते. पण इंजिनाची उष्णता त्याला आतून खातच असते. हवेशी संयोग होऊन ऑइल आंबट होते आणि झीज रोखणारी द्रव्ये संपत जातात. यातले काहीच बोटाला कळत नाही.

रंग पाहू नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, बहुधा कूलंट गळत आहे. ऑइलला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खाली जाण्याऐवजी वर चढली असेल, तर इंधन मिसळत आहे. ऑइलमध्ये धातूची चमक दिसली तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे. ही तीन लक्षणे दिसताच गाडी उभी करून मिस्त्रीला दाखवावी. बदलीची तारीख मात्र रंगावरून ठरवू नये.

जुना नियम कोठून आला?

जुने उस्ताद तीन हजार किंवा पाच हजार किलोमीटरवर ऑइल बदलायला सांगत. त्यांचे चुकत होते काय? मुळीच नाही. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे. गंधक जळले की त्यातून आम्ल तयार होते, आणि त्या आम्लाला मारण्यासाठी ऑइलमध्ये जे क्षार घातलेले असतात ते लवकर संपतात. 2010 साली देशभर लागू झालेल्या भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 350 भाग होती. 2017 मध्ये भारत स्टेज चार देशभर आले तेव्हा ती 50 भागांवर आली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि मर्यादा 10 भागांवर आली. इंधन बदलले, इंजिने बदलली, ऑइलही सुधारले. म्हणून आज पुष्कळ पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते, अशी मुदत दिलेली असते. ट्रकांच्या काही नव्या इंजिनांची मुदत याहून कितीतरी मोठी असते.

यावरून कोणी आपल्या जुन्या गाडीला नव्या गाडीची मुदत लावू नये. जी गाडी, तिचीच पुस्तिका. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारावे, शेजारच्या गाडीवाल्याला नव्हे.

डब्यावरची अक्षरे

ऑइलच्या डब्यावर 20 डब्ल्यू 40 किंवा 10 डब्ल्यू 30 असे आकडे असतात. डब्ल्यू हे अक्षर थंडीसाठी आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहील हे सांगतो आणि नंतरचा आकडा ते 100 अंश सेल्सियस तापमानाला किती दाट राहील हे सांगतो. आपल्या बाजारात असा समज आहे की ऑइल जेवढे दाट तेवढे इंजिन सुरक्षित. हा समज सोडला पाहिजे. ज्या इंजिनाचे मार्ग आणि फटी पातळ ऑइलसाठी आखलेल्या आहेत, तेथे दाट ऑइल सकाळी गाडी सुरू करताना वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते आणि मायलेजही कमी होते. उलट, दाट ऑइलसाठी केलेल्या जुन्या इंजिनात पातळ ऑइल घातले तर दाब कमी पडतो आणि ऑइल जास्त जळते.

दुसरी खूण ए.पी.आय. या अमेरिकन संस्थेच्या वर्गवारीची. एस अक्षराने सुरू होणारा वर्ग पेट्रोल इंजिनासाठी, सी अक्षराने सुरू होणारा डिझेलसाठी. पेट्रोलचा एस.एन. हा वर्ग 2010 चा आणि एस.पी. हा 2020 चा. डिझेलमध्ये सी.आय.-4 हा 2002 चा आणि सी.के.-4 हा 2016 चा. पुस्तिकेने जो वर्ग मागितला आहे त्याहून जुना वर्ग घालू नये, तो कितीही स्वस्त मिळो.

गिअरच्या मोटारसायकलींची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी बहुतेकांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात आणि त्यांनी क्लच घसरतो. म्हणून डब्यावर जे.ए.एस.ओ.ची एम.ए. किंवा एम.ए.2 ही खूण पाहावी. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी एम.बी. ही खूण असते.

भारत स्टेज सहाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी धुराच्या नळीत बसवलेली असते. अशा गाडीला कमी राख सोडणारे ऑइलच लागते. भलते ऑइल घातले तर राख साचून जाळी तुंबते, आणि ती जाळी बदलण्याचा खर्च ऑइलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या अनेक पट असतो.

किलोमीटर, तास आणि महिने

आता मुख्य प्रश्न : ऑइल केव्हा बदलावे? डिझेल जनरेटरवाले ऑइल तासांवर बदलतात, कारण जनरेटर कोठे जात नाही. हाच विचार गाडीलाही लावून पाहावा. समजा एक टेम्पो महामार्गावर सरासरी ताशी 50 किलोमीटरने चालतो. त्याचे पाच हजार किलोमीटर 100 तासांत पूर्ण होतात. दुसरा टेम्पो शहराच्या गर्दीत, सिग्नलवर आणि गोदामाच्या दारात इंजिन चालू ठेवून उभा राहतो, त्याची सरासरी ताशी 15 किलोमीटर. त्याच पाच हजार किलोमीटरसाठी त्याचे इंजिन 333 तास फिरले. मीटरवर दोघांचा आकडा सारखा, पण दुसऱ्याच्या ऑइलने तिप्पटीहून अधिक मेहनत केली. म्हणूनच पुस्तिकांत धूळ, गर्दी, ओझे आणि लहान फेऱ्या अशा खडतर वापरासाठी बहुधा वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्या मालवाहू गाड्या आणि रिक्षा बहुतेक करून याच रकान्यात येतात. तो रकाना वाचण्याची तसदी मात्र फार थोडे लोक घेतात.

महिन्यांचाही हिशोब आहे. जी गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते तिचे इंजिन पुरते तापत नाही. आत जमलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही, ऑइलमध्येच राहते आणि गाळ धरतो. अशा गाडीचे किलोमीटर भरले नाहीत तरी पुस्तिकेतील महिने भरताच ऑइल बदलावे.

याबरोबर दोन गोष्टी विसरू नयेत. ऑइलबरोबर फिल्टरची मुदतही पुस्तिकेप्रमाणे पाळावी. जुना तुंबलेला फिल्टर ठेवून नवे ऑइल घालणे म्हणजे मळक्या भांड्यात ताजे दूध ओतणे. आणि एअर फिल्टर साफ ठेवावा, कारण फाटक्या एअर फिल्टरमधून शिरलेली बारीक धूळ उत्तम ऑइललाही दाद देत नाही. पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, पट्टीच्या दोन खुणांमध्ये पाहावी. जास्त भरलेले ऑइलही फेसाळून नुकसान करते.

गॅरेजवाल्या बंधूंना दोन शब्द

काही गॅरेजवाले म्हणतील, गिऱ्हाईक कमी वेळा आले तर आमचा धंदा कसा चालायचा? प्रश्न रास्त आहे. पण आज नव्या गाडीचा मालक आपल्याकडे न येता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे का जातो, याचाही विचार व्हावा. तेथला कामगार आपल्या उस्तादापेक्षा हुशार असतो असे नाही. पण तेथे कागद मिळतो. कोणते ऑइल घातले, किती घातले, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, हे सगळे लिहून मिळते. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांचा हुन्नर आहे आणि कागद नाही. वॉरंटीचा प्रश्न आला की मालकाच्या हातात दाखवायला काही नसते. मग तो आपल्याकडे परत का येईल?

ऑइलच्या कामात विश्वासाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, कारण इंजिनात ओतलेले ऑइल नंतर कोणाला दिसत नाही. ती अमानत आहे. काही डब्यांत मेकॅनिकसाठी कूपन असते. त्या कुपनाकडे पाहून ऑइल निवडणारा गिऱ्हाइकाचे नुकसान करतो आणि शेवटी आपलेही. तेव्हा सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर उघडावा. रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडावे, कारण नकली माल भरणारे असेच चांगले रिकामे डबे शोधत फिरतात. ज्याच्या मुळाचा पत्ता नाही असे सुटे ऑइल दुकानात ठेवू नये. पक्के बिल द्यावे. ज्याच्या ऑइलची मुदत अजून बाकी आहे त्याला तसे सांगून परत पाठवावे. त्या दिवशीची मजुरी जाईल, पण तोच मनुष्य इंजिनकामाच्या वेळी दुसरीकडे जाणार नाही.

काढलेले ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. 1 एप्रिल 2024 पासून तर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. ते झाकणाच्या पिंपात साठवावे आणि कोणाला किती दिले याची नोंद ठेवावी. आपल्या पोरांच्या हातांचीही काळजी घ्यावी. वापरलेले ऑइल दिवसेंदिवस कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे. हातमोजे फार महाग नाहीत.

शेवटी एक साधी सूचना. गाडीवाल्याने एक लहान वही घ्यावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख, किलोमीटर, ऑइलचा प्रकार, फिल्टर बदलला की नाही, आणि पुढची बदली केव्हा. गॅरेजवाल्याने तेच पाच रकाने असलेले कार्ड छापून प्रत्येक गाडीत अडकवावे. आमच्या त्या रिक्षावाल्याने आता अशी वही केली आहे. गेज पट्टी तो अजूनही दर आठवड्याला काढतो, पण पातळी पाहण्यासाठी. ऑइल बदलायचे की नाही, हे तो वहीत पाहतो.