मोटार भरणाऱ्याची वही आणि सॉफ्टवेअर

कला शाखेच्या वार्षिकात सॉफ्टवेअरवर लेख पाहून आमचे प्राध्यापक भुवया उंचावतील, आणि 'हा विषय कॉमर्सवाल्यांचा' असे म्हणून मित्रमंडळी पान उलटतील. परंतु जुन्नर-आंबेगावातील आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल मोटारी भरून, पाइपलाइन जोडून, वायरिंग करूनच पेटते. अशा दुकानात 'आता कामांची नोंद मोबाईलवर ठेवायची' अशी टूम निघाली की निवडीचे काम घरातल्या शिकलेल्या पोराच्या गळ्यात पडते. काकांच्या दुकानात यंदा ते माझ्या गळ्यात पडले. तेव्हा चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

दुकानात नेमके हरवते काय, हे आधी पाहिले पाहिजे. शेतीची थ्री फेज वीज ठराविक तासच असते. दाब कमी-जास्त झाला की एकाच आठवड्यात जळालेल्या मोटारींची रांग लागते. कोणाची मोटार, किती हॉर्सपॉवरची, सोबत स्टार्टर आणला होता की नाही, कोणाला 'परवा देतो' म्हणून सांगितले, हे सारे मिस्त्रींच्या डोक्यात. मिस्त्री लग्नाला गेले की दुकानाची स्मरणशक्तीही लग्नाला जाते! इकडे शेतात टोमॅटो माना टाकू लागतो. नोंद चुकली तर आमचे चार पैसे जातील, पण त्या शेतकऱ्याचा हंगाम जाईल. एवढी गोष्ट ध्यानात ठेवूनच निवड करावी, असे माझे मत आहे.

कॅनडाचे 'जॉबर', न्यूझीलंडचे 'ट्रेडिफाय' ही सॉफ्टवेअरे अशा कारागिरांसाठीच निघाली आहेत. चौकशी, खर्चाचा अंदाज, कामाची तारीख, कोण जाणार, मग बिल, अशी त्यांची साखळी असते. साखळी उत्तम आहे, मान्य. पण बिलावर पैसे देण्याची मुदत लिहावी लागते, आणि आमचे गिऱ्हाईक म्हणते, "टोमॅटो नारायणगावला गेला की देतो." दुसरे म्हणते, "कांद्याला भाव येऊ द्या." ही तारीख कोणत्या पंचांगात पाहावयाची? मुदत टळली की आपोआप तगादा पाठवण्याची सोय विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने दाखवली, तेव्हा काका एवढेच म्हणाले, "हे यंत्र माझी जुनी गिऱ्हाइकं तोडील."

'खाताबुक'सारख्या देशी ॲपना उधारी बरी समजते आणि ती मराठीतही चालतात. पण कोणाची मोटार कोणत्या कोपऱ्यात पडली आहे, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. टॅलीचा जन्म १९८६ सालचा, हिशेबात ती पक्की; पण विहिरीच्या काठावर तिचा काय उपयोग? जी.एस.टी.चा बागुलबुवाही दाखवला जातो. वस्तुतः सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही.

डिंभ्याच्या वर आहुप्याकडे किंवा नाणेघाटाच्या वाटेला लागले की रेंजचा भरवसा नसतो. तिथे नोंद घेऊन ठेवील आणि रेंज येताच पाठवील, असेच सॉफ्टवेअर हवे. दुसरे म्हणजे, भाडे भरणे थांबवले तर आपल्या नोंदी तक्त्याच्या रूपाने बाहेर काढता येतील का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. दुकानदाराने पैसे थकवले म्हणून कागदाची वही काही कोरी होत नाही! आणि हाताखालचा पोऱ्या या क्षणी कुठे आहे, हे नकाशावर दाखवणारी सोय मला मुळीच नको वाटते. दोर धरून विहिरीत उतरणाऱ्या माणसावर अशी पाळत कशासाठी?

भाषेचा प्रश्न तर आपल्या शाखेचाच. 'लीड', 'क्लायंट', 'इस्टिमेट' या शब्दांनी मिस्त्री बिचकतात. 'गिऱ्हाईक', 'अंदाज', 'बयाणा', 'उचल' म्हटले की बोट आपोआप चालते. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले शिलालेख आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद त्यांत आहे, आणि ती प्राकृतात, म्हणजे चारचौघांच्या भाषेत आहे. इतिहासाच्या तासाला हे ऐकताना मला दुकान आठवले, हे सरांनी क्षमा करून वाचावे.

असो. तूर्त आम्ही काहीच विकत घेतलेले नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीवर ऑइलपेंटने आकडा घालतो आणि तोच आकडा वहीत लिहितो: गाव, गिऱ्हाईक, काम, दिलेला वायदा, उधारी. मिस्त्री सांगतात, मी लिहितो. दोन महिन्यांत या पाच रकान्यांखेरीज आणखी एक लागला, 'सोबत काय आणले' हा. तो कोणत्याच विक्रेत्याने दाखवला नव्हता. विक्रेत्याला दिवाळीनंतर बोलावले आहे. त्याने सॉफ्टवेअर मला नव्हे, मिस्त्रींना शिकवून दाखवायचे, अशी काकांची अट आहे.